‘उरुसेइ यात्सुरा’मधली लम परग्रहावरची आहे, तर तिला शिंगे का आहेत?

कैरीचीफोड

सर्वांना नमस्कार. रुमिको ताकाहाशी यांची ‘उरुसेइ यात्सुरा’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मी गेल्या महिन्यापासून इंग्रजी अनुवादात वाचते आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथेची सुरुवात सांगते. परग्रहावरची एक फौज पृथ्वीवर चालून येते आणि अट घालते, की आतारु मोरोबोशी नावाच्या शाळकरी मुलाने त्यांच्या म्होरक्याच्या मुलीला, म्हणजे लमला, पकडापकडीच्या खेळात दहा दिवसांच्या आत शिंगांना धरून पकडावे. तसे झाले तर पृथ्वी वाचेल. आतारु जिंकतो, पण जिंकण्याच्या भरात ‘आता लग्न करता येईल’ असे ओरडतो. ते शब्द असतात त्याच्या मैत्रिणीला, शिनोबूला, उद्देशून. लमला मात्र ती आपल्यालाच घातलेली मागणी वाटते आणि ती त्याच्या घरी येऊन राहते.

मला वाचताना मजा येते आहे, तरी काहीतरी हातातून निसटते आहे असे सतत वाटते. अवकाशयानातून येणाऱ्या मुलीला शिंगे आणि वाघाचे कातडे कशासाठी? आणि परग्रहावरची माणसे घरात येऊन राहतात, शाळेत नाव घालतात, याचे आतारुच्या तोमोबिकी गावात कुणालाच फारसे आश्चर्य कसे वाटत नाही? दुसरे असे, की माझी तेरा वर्षांची भाची हे खंड मागते आहे. तिला द्यावेत का, हेही जाणकारांनी सांगावे.

पाटीपेन्सिल

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या नावातच आहे. पकडापकडीला जपानीत ‘ओनिगोक्को’ म्हणतात, म्हणजे ओनिचा खेळ. ओनि हा तिकडच्या लोककथांतला शिंगे असलेला, वाघाचे कातडे नेसणारा, दांडगा राक्षस. आपल्याकडे ज्याच्यावर राज्य येते, त्याला जपानी मुले ‘ओनि’ म्हणतात. आता पहिले प्रकरण पुन्हा वाचून पाहा. राज्य आले आहे आतारुवर, म्हणजे खेळापुरता ओनि तो झाला आहे, आणि तो ज्या मुलीच्या मागे धावतो आहे ती जन्माने ओनि आहे. माणूस ओनि होऊन खऱ्या ओनिला पकडायला निघाला आहे, हे जपानी मुलाला न सांगता कळते. अनुवादात ‘ओनि’ हा शब्द गेला, की उरते फक्त एक धावाधाव.

शिंगांचे आणि कातड्याचे कारण दिशांच्या नावांत आहे. जुन्या पद्धतीत दिशांना राशिचक्रातल्या बारा प्राण्यांची नावे होती आणि ईशान्य दिशा बैल व वाघ यांच्या मधे येत असे. आपण ज्या ईशान्य कोपऱ्यात देवघर मांडतो, तीच दिशा जपानी समजुतीत ‘किमोन’, म्हणजे राक्षसांचे दार. म्हणून ओनिला शिंगे बैलाची आणि कातडे वाघाचे. लमचा आधीचा वाग्दत्त वर रेइ हा दिसायला देखणा असूनही भावना अनावर झाल्या की वाघासारखे पट्टे असलेला प्रचंड बैल होतो, त्यामागेही हीच जोडी आहे.

एकदा ही किल्ली हातात आली, की बाकीची पात्रे आपोआप उलगडत जातात. नेपच्यूनची ओयुकी म्हणजे बर्फाळ रात्री वाटसरूंना भेटणारी हिमस्त्री. कुरामा ही कावळ्याच्या चोचीचे सेवक बाळगणारी तेंगूंची, म्हणजे लोककथांतल्या पंखवाल्या भुतांची, राजकन्या. दुचाकीसारख्या यानावरून भरधाव फिरणारी, साखळदंड गुंडाळलेली बेनतेन म्हणजे सात भाग्यदेवतांपैकी बेनझाइतेन, आणि ही बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, जी बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोचली. तिच्या प्रचलित मूर्तीत हाती बिवा नावाचे तंतुवाद्य असते. ताकाहाशींनी ते काढून घेतले आणि तिला लढायला पाठवले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या सेत्सुबुन या सणाला जपानी घरांत भाजलेले सोयाबीन फेकून ‘ओनि बाहेर, भाग्य आत’ असे म्हणतात. मांगामध्ये त्याच निमित्ताने लमचे लोक आणि भाग्यदेवता यांची दरवर्षीची लढाई जुंपते. लम आणि बेनतेन एरवी जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, हे लक्षात ठेवून ते प्रकरण वाचावे.

यातूनच आपल्या दुसऱ्या शंकेचेही निरसन होते. तोमोबिकीतल्या लोकांना आश्चर्य वाटत नाही, कारण ही मंडळी परकी नाहीतच. आजीच्या गोष्टींतून ज्यांना सगळे लहानपणापासून ओळखतात, तीच भुतेखेते आणि देवदेवता इथे यानात बसून परत आली आहेत. आतारुच्या अंथरुणे ठेवायच्या कपाटातून नेपच्यूनवरचे बर्फ खोलीत येऊ लागते, तेव्हा घरच्यांना धास्ती वाटते ती पसाऱ्याची. लेखिका निइगाताची, म्हणजे जपानच्या बर्फाळ पट्ट्यातली. ते प्रकरण वाचताना मला हे नेहमी आठवते, कारण बर्फ उपसण्याच्या कंटाळवाण्या कामाची त्यात फार जवळची ओळख दिसते.

निवांतवाचक

पाटीपेन्सिल यांच्या विवेचनाला गावाच्या नावाची जोड देतो. जपानी दिनदर्शिकेत सहा दिवसांचे शुभाशुभाचे चक्र असते. त्यातल्या ‘तोमोबिकी’ या दिवशी अंत्यविधी टाळतात, कारण शब्दाची फोड ‘मित्राला ओढणे’ अशी होते आणि गेलेला माणूस सोबत आणखी कुणाला ओढून नेईल अशी भीती असते. आपल्याकडे पंचकात माणूस गेला की घरातली वडीलधारी माणसे ज्या काळजीने शांतीची चौकशी करतात, ती आठवली की हे नाव लगेच समजते. आतारुचा जन्म त्याच चक्रातल्या सर्वांत अशुभ अशा ‘बुत्सुमेत्सु’ दिवशी झालेला आहे. मोरोबोशी या आडनावात ‘होशी’, म्हणजे तारा, आहे, आणि मालिकेच्या नावात ‘उरुसाइ’, म्हणजे कटकट किंवा गोंगाट, या शब्दाच्या शेवटी ताऱ्याचे चित्राक्षर बसवले आहे. त्रासदायक मंडळी आणि ताऱ्यांवरची मंडळी असे दोन्ही अर्थ एका नावात बसले आहेत.

अनुवादात सर्वांत जास्त हानी लमच्या बोलण्याची होते असे माझे मत आहे. ती वाक्याच्या शेवटी ‘दाच्चा’ लावते. ही लकब ईशान्य जपानमधल्या सेंदाइ भागातल्या बोलीतून आलेली आहे. तिचा छोटा चुलत भाऊ तेन, जो तोंडातून आग फेकत घरभर तरंगतो, तो ओसाकाकडच्या वळणाने बोलतो. परग्रहावरून आलेली माणसे प्रमाणभाषा न बोलता गावाकडची भाषा बोलतात, हे मला फार मोलाचे वाटते. मराठीत कधी अनुवाद झालाच, तर लमला मालवणी द्यावी की वऱ्हाडी, हा प्रश्न सोपा नाही, कारण आपल्याकडे बोली आली की वाचक लगेच विनोदी नोकराचे पात्र डोळ्यांसमोर आणतो. लम हास्यास्पद नाही. ती वीज पाडते, हट्ट करते, रुसते, आणि तिचे प्रेम कथेत कुठेही खोटे ठरत नाही.

सुगरणीचेघरटे

मी भाचीबद्दल लिहिते, कारण माझ्या मुलीच्या बाबतीत मला हाच निर्णय घ्यावा लागला होता. पहिल्या काही खंडांत आतारु दिसेल त्या मुलीच्या मागे लागतो, पत्ता आणि फोन नंबर मागत फिरतो, नको तिथे हात लावतो. पहिल्याच प्रकरणात तो लमच्या अंगावरचे वस्त्र पळवून तिला जवळ यायला लावतो. १९७८ साली मुलांच्या साप्ताहिकात, ‘शोनेन संडे’मध्ये, हे चालत होते, आज मी ते मुलीला काही न बोलता वाचायला देऊ शकत नव्हते. आम्ही दोघींनी ते एकत्र वाचले आणि तिने स्वतःहून विचारले, ‘आई, याला कुणी रागवत का नाही?’ प्रत्यक्षात जवळपास प्रत्येक प्रकरणात त्याला झटके बसतात, मार बसतो आणि त्याची आई ‘याला जन्मच द्यायला नको होता’ म्हणून कपाळाला हात लावते. पण विजेचा झटका बसला म्हणून चूक कळली असे होत नाही, आणि हे मुलीने ओळखले याचे मला समाधान वाटले.

एक गोष्ट मात्र मी तिला आवर्जून सांगितली. ही मालिका सुरू झाली तेव्हा ताकाहाशी वीस वर्षांच्या होत्या आणि महिला विद्यापीठात शिकत होत्या. मुलांसाठीच्या साप्ताहिकात एका तरुण मुलीने नऊ वर्षे, ३४ खंड, मोठ्या वाचकवर्गाला धरून ठेवले आणि २०१९ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने त्यांना सर्वोच्च सन्मान दिला. मूळ योजनेत लम एका प्रकरणापुरतीच होती, दुसऱ्या प्रकरणात ती नाहीच. तिला परत आणल्यावर मालिकेचा सगळा तोल तिच्याकडे झुकला. माझा सल्ला असा, की भाचीला आपल्या शेजारी बसवून पहिला खंड द्यावा आणि पुढचे तिच्यावर सोपवावे.

कैरीचीफोड

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री पहिले प्रकरण पुन्हा काढले. राज्य कुणावर आहे हे लक्षात ठेवून वाचले, तर आतारु लमच्या शिंगांकडे हात नेतो ती चित्रे वेगळीच वाटली. एक शेवटची शंका आहे. आतारु तिच्यावर प्रेम करतो की नाही, हे पुढे कधी कळते का? शेवट कळला तरी माझी हरकत नाही.

पाटीपेन्सिल

ज्यांना शेवट स्वतः वाचायचा आहे त्यांनी इथे थांबावे.

अखेरच्या प्रकरणांत पुन्हा तोच खेळ मांडला जातो, पुन्हा दहा दिवस. या वेळी आतारु हरला, तर लम निघून जाईल आणि पृथ्वीवरच्या सगळ्यांच्या मनातून तिची आठवण पुसली जाईल. त्याने ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ एवढे म्हटले की खेळ तिथेच थांबणार असतो. तो म्हणत नाही. दबावाखाली म्हटले तर ते खरे की खोटे हे तिला कधीच कळणार नाही, असे त्याला वाटते, आणि मला त्याचे म्हणणे पटते. शेवटच्या रात्री तो थकून कोसळतो तेव्हा त्याच्या मुठीतून लमची जुनी शिंगे बाहेर पडतात. त्याने ती इतके दिवस जपून ठेवलेली असतात. ती पाहून लम स्वतः उडत त्याच्याकडे येते. पुढे ती म्हणते, की जन्मभर लागला तरी तुझ्याकडून ते शब्द वदवून घेईन, आणि तो उत्तर देतो, की मरताना म्हणेन.

३४व्या खंडाची ती पाने मी अनेकदा उघडून पाहिली आहेत. मुठीतली शिंगे एका लहानशा चौकटीत आहेत, पान उलटण्याच्या घाईत नजरेतून सुटतील इतकी लहान. भाची तिथवर पोचली, की तिला त्या पानावर थोडे थांबायला सांगा.