मदत हवी आहे: ५५ इंची टीव्ही नेरूळहून ठाण्याला छोट्या गाडीतून कसा आणू?

नमस्कार मंडळी,

ताई-भावजींची बदली झालीय, त्यामुळे त्यांचा ५५ इंची एलईडी टीव्ही ते आम्हाला देतायत. येत्या रविवारी तो नेरूळहून वर्तकनगरला आणायचाय. खोका त्यांनी केव्हाच रद्दीत घातला. आमच्याकडे साधी हॅचबॅक आहे.

हा टीव्ही धड घरी यायलाच हवा. बाबांना मॅक्युलर डिजनरेशन आहे, म्हणजे कडेकडेचं दिसतं पण नजरेच्या मधलं पुसट झालंय. आत्ताच्या ३२ इंची टीव्हीपुढे त्यांची खुर्ची सरकत सरकत इतकी जवळ आलीय की हात लांब केला तर बोटं पडद्याला लागतात. तरी स्कोअर मलाच विचारावा लागतो. मागच्या महिन्यात ताईकडे सोफ्यावर बसून त्यांनी आपल्या आपण धावा वाचल्या. परत येताना गाडीत दोनदा सांगितलं मला, "आज मी वाचलं हं."

आता भीती कसली ते सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही ४३ इंची जुना टीव्ही घेतला होता. विकणारा म्हणाला, मागच्या सीटवर आडवा टाका, काही होत नाही. घरी आणून लावला तर काचेवर साधा ओरखडा नव्हता, पण डावीकडे काळा पट्टा आणि उभ्या रेघा. दुरुस्तीवाल्या काकांनी पाहिलं आणि पॅनेल गेलंय म्हणाले. नव्या पॅनेलची किंमत ऐकली तेव्हा त्यात जवळजवळ नवा टीव्ही येत होता. त्यांनीच समजावलं की आत दोन पातळ काचा असतात, त्यांच्यामध्ये लिक्विड क्रिस्टलचा थर, आणि या काचांना आधार काय तो कडांचा. टीव्ही आडवा ठेवला की पोट आपल्याच वजनाने खाली झुकतं आणि प्रत्येक खड्ड्याला हिसका बसतो. जुने डब्यासारखे टीव्ही जाड काचेचे होते, म्हणून तेव्हा कसेही नेले तरी चालायचं.

तेव्हा आडवा नाही, हे नक्की. ताईने शिवणाच्या टेपने मोजलं, स्टँडचे पाय काढून रुंदी १२३ सेंटीमीटर आणि उंची ७१. आमच्या गाडीत मागे दारापासून दारापर्यंत आतून १२८ भरतात. म्हणजे सीटवर उभा मावेल असं वाटतं, पण दारातून आत घेताना तिरका करावा लागेल, आणि सीटच्या फुगीर पाठीवर पडदा दाबला जाईल का, ही धास्ती आहे. मिस्टर म्हणतात डिकी उघडी ठेवून दोरीने बांधू. मला ते अजिबात पटत नाही. नंबर प्लेट वर जाते, धूर आत येतो आणि टीव्हीचं अर्धं अंग बाहेर!

रस्ता कुठला धरावा? दिघा-विटावा-कळव्यावरून, की ऐरोली पुलावरून मुलुंड आणि पुढे हायवेने ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनपर्यंत? आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे.

प्रतिसाद:
ताई, पाच सेंटीमीटरच्या फटीवर भरवसा ठेवू नका. गादी-चादर गुंडाळली की ती फट संपली. शिवाय सीटवर टीव्ही गाडीला आडवा उभा राहतो, म्हणजे ब्रेक लागला की सगळा जोर पडद्यावर. छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो सांगा. हौद्याच्या बाजूच्या भिंतीला लावून, गाडीच्या लांबीत उभा ठेवा. मग ब्रेकचा जोर काचेच्या कडेच्या दिशेने जातो, पोटावर येत नाही. दोन्हीकडून गाद्या लावा. दोरी पडद्याच्या मधोमध आवळू नका, दोन्ही टोकांना बांधा आणि कडांवर पुठ्ठा घाला. आधी मऊ चादर, मग बबल रॅप. पडद्यावर चिकटपट्टी नको. उचलताना दोघांनी खालून आणि बाजूच्या कडेने धरायचं, पडद्यावर अंगठा टेकवायचा नाही. टीव्हीच्या दुकानात विचारून बघा, डिस्प्लेला लावलेल्या टीव्हीचे खोके त्यांच्याकडे पडून असतात.

प्रतिसाद:
ऐरोलीवरूनच या. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाऊस पडला की पाणी साचतं, आणि कळवा नाक्याला गर्दीत सारखं थांबा-निघा. रविवारी सकाळी सातच्या आत निघा. निघण्याआधी टीव्ही चालू करून पडदाभर नुसता पांढरा रंग दिसेल असं चित्र लावा आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे घरी पोचल्यावर ताडून बघता येईल.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. गाडीचा विचार सोडला, टेम्पो ठरवला. नेरूळ स्टेशनजवळच्या एका दुकानाने ५५ इंचीचं कार्टन थर्माकोलच्या कोपऱ्यांसकट दिलं, पैसेही घेतले नाहीत. टेम्पोवाल्या दादांना आधीच सांगितलं होतं की हळू चला. ऐरोली पुलाच्या जोडांवर त्यांनी स्वतःहून वेग कमी केला. मिस्टर मागे हौद्यात बसायला निघाले होते, दादांनी बसू दिलं नाही आणि ते बरोबरच होतं. आम्ही आमच्या गाडीतून मागोमाग आलो.

जिन्याचं वळण सगळ्यात अवघड गेलं. तिथे कार्टन उभं करूनही फिरेना. शेवटी टीव्ही बाहेर काढला, मी पुढे राहून "डावीकडे, अजून डावीकडे" करत राहिले आणि शेजारचे दोघे भाऊ आणि मिस्टर मिळून तो वर घेऊन आले.

पांढरा पडदा लावून पाहिला, एक रेघ नाही. टीव्ही टेबलावरच ठेवलाय, आमच्या भिंतीचा गिलावा पोकळ वाजतो, तिथे ब्रॅकेट ठोकायचा धीर होईना. बाबा आधी सवयीने जवळ जाऊन बसले, मग उठले आणि खुर्ची स्वतः ओढत पलंगापर्यंत मागे नेली.

कार्टन आणि थर्माकोलचे कोपरे जपून ठेवलेत. ठाण्यात कुणाला ५५ इंचीसाठी हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.