प्रॉडवर काय गंडलं? अनुभव धागा

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर, कुठेही असा. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत डिप्लॉयमेंटला, म्हणजे नवा कोड प्रॉडवर (लोक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर) टाकताना, काय फुटलं ते लिहा. कंपनीचं, क्लायंटचं नाव नको. उपदेश तर नकोच, तो लीडकडून मिळतोच. काय केलं, कसं कळलं, परत कसं आलात, एवढं पुरे.

* * *

रात्री २ ला रिपोर्ट निघावा म्हणून क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे आपल्याकडे सकाळचे ७:३०. नेमकी तीच गोदामाची बिलिंगची वेळ. आठवडाभर सगळे नेटला शिव्या घालत होते. लीड मॅडमनी सर्व्हरवर नुसती 'डेट' कमांड (सर्व्हरची वेळ दाखवणारी) मारली आणि माझ्याकडे बघितलं. आता क्रॉनच्या डोक्यावर दोन्ही वेळा लिहून ठेवते.

* * *

माझा पोस्टग्रेस डेटाबेसचा. भरदुपारी मोठ्या टेबलवर साधा क्रिएट इंडेक्स (शोध जलद व्हावा म्हणून सूची बनवायची कमांड) मारला. स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) टेबल इवलंसं, चुटकीसरशी झालं होतं. इंडेक्स बनेपर्यंत वाचता येतं, पण लिहिणं अडतं हे माहीतच नव्हतं. ऑर्डर पडेनात, सपोर्टचे फोन सुरू. शेवटी सीनियरने क्वेरी कॅन्सल करायला लावली आणि तुंबलेल्या ऑर्डर धडाधड सुटल्या.

उपाय 'कन्करंटली' (लिहिणं न अडवता इंडेक्स बनवायचा पर्याय), पण त्यातही मेख आहे. तो ट्रान्झॅक्शनच्या (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्याच्या) आत चालत नाही, आणि डेटाबेसची रचना बदलणारी बरीच मायग्रेशन टूल्स सगळं ट्रान्झॅक्शनमध्येच गुंडाळतात. मधेच फसला तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, तो आपणच ड्रॉप करायचा.

* * *

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा, "फक्त लेबल बदललंय." हिंजवडी फेज ३ची शेवटची कंपनी बस गेली. पुढचं काय सांगायचं!

* * *

मी आता लीड आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. चुकीपेक्षा ती सांगायला लावलेला अर्धा तास जास्त नडतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती, ऐनवेळी एकही धड चालेना. त्यानेच सहा तास आधी हाताने काढलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं. कंपनीने दुरुस्ती चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. तेव्हापासून नवीन पोरांना मी आधी बॅकअप रिस्टोअर करायला बसवतो. बॅकअप 'आहे' यावर माझा विश्वास नाही. आणि प्रॉडचं टर्मिनल लाल रंगाचं, सक्तीने.

* * *

सर, तुमच्या टीमचं ठीक आहे. आमच्याकडे आरसीएच्या (चूक कशामुळे झाली त्या अहवालाच्या) मेलमध्ये फ्रेशरचं नाव बोल्डमध्ये आलं, सीसीत क्लायंट. त्यानंतर स्वतःहून कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही. चुका तेवढ्याच होतात, फक्त आता त्या सपोर्टच्या तिकिटातून कळतात.