फायनान्सचे इलेक्टिव्ह: गोव्यातच राहायचे तर डेरिव्हेटिव्हज कशाला?

कुळागर

माझी भाची एमबीए फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला गेली. चार इलेक्टिव्ह निवडायचे आहेत, फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा आहे. तिची यादी अशी: डेरिव्हेटिव्हज (शेअर, डॉलर यांच्या भावावर किंमत ठरणारे फ्युचर्स, ऑप्शनसारखे करार), फायनान्शियल मॉडेलिंग (धंद्याचे अंदाज शीटवर मांडणे), आंतरराष्ट्रीय वित्त, पोर्टफोलिओ मॅनेजमेंट. प्रत्यक्ष कर, कर्ज-मूल्यमापन आणि वित्तीय पत्रकांचे विश्लेषण हे तिन्ही विषय तिने बाजूला टाकले. वर्गातली हुशार मुले तिकडे जात नाहीत म्हणे.

तिला गोवा सोडायचा नाही, हे तिने स्वतःच सांगितले आहे. मग माझ्या मते ही यादी चुकली. इथे फायनान्सच्या मुलाला काम मिळते ते बँकेत, सीएच्या ऑफिसात, हॉटेलात किंवा वेर्ण्यासारख्या वसाहतीतल्या कारखान्यात. मी अठरा वर्षे अशाच एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे. मुलाखतीला आलेल्या मुलांसमोर मी एक ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक ठेवतो आणि विचारतो, नफा चार कोटी दिसतो, मग बँकेत पैसे का नाहीत? ऑप्शनची किंमत काढायचे सूत्र घडाघडा म्हणणारी मुले इथे अडतात. गिऱ्हाइकांकडची येणे बाकी 60 दिवसांवरून 110 दिवसांवर गेलेली असते, गोदामात माल वाढलेला असतो, नफा तिथे अडकून पडलेला असतो. सगळे त्याच कागदांवर असते. बघायची सवय नसते म्हणून दिसत नाही.

दुसरे म्हणजे, सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांत, उतरलेल्या व्यक्तिगत ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. त्या वाटेला मुलांनी का जावे?

रातांबा

मामा, ती भाची मीच. परवा जेवताना बोलणे अर्धे राहिले, ते इथे पुरे करते.

तूच सांगतोस की तुमचा माल बाहेर जातो, बिल डॉलरमध्ये होते आणि पैसे 90 दिवसांनी येतात. समज, बिल 10 लाख डॉलरचे आहे. त्या 90 दिवसांत डॉलर एक रुपयाने उतरला तर 10 लाख रुपये गेले. माल तोच, कामगारांचे कष्ट तेच. म्हणून कंपनी बँकेशी आजच दर ठरवून फॉरवर्ड करार करते. किती रकमेचा करायचा, सगळ्या बिलांचा की निम्म्या, ऑर्डर रद्द झाली तर कराराचे काय, हे कोणीतरी बसून ठरवतेच ना? तोच माझा विषय. एफ अँड ओत पैसे लावणे आणि जोखीम कमी करणे यांत फरक आहे. आणि 93 टक्के लोक बुडत असतील तर तो विषय नीट शिकलेली माणसे जास्त हवीत, कमी नव्हेत.

कराचे म्हणशील, तर ते कामावर शिकता येते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि त्याआधी व्हॅट, सेवाकर पाठ केलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावे लागले. आयकराचाही नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून, कलमांचे आकडेसुद्धा बदलले. गणित बदलत नाही. ते मी आत्ता, सर समोर आहेत तोवर शिकले नाही, तर नोकरीला लागल्यावर रात्री घरी बसून कधीच शिकणार नाही.

फोंड्याचा करदाता

मी कर सल्लागार आहे. कलमांचे आकडे बदलतात, विचार बदलत नाही, आणि गोव्यात तर कर शिकायला वेगळेच कारण आहे. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे इथे नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा समाईक असते. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 5अ घातले गेले: पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरायचे. खोल्यांचे भाडे वर्षाला 6 लाख येते, बँक खाते एकट्या नवऱ्याचे, तरी विवरणपत्रात 3 लाख बायकोचे दाखवावे लागतात. मुंबई-पुण्याहून शिकून आलेली मुले माझ्याकडे येतात, त्यांनी हे ऐकलेलेही नसते. विवरणपत्रातले शेड्यूल 5अ कोरे ठेवतात आणि दोघांचाही हिशेब बिघडतो. ज्या जागेत राहायचे, तिथला कायदा आधी शिकावा.

तिसवाडी

एक विचारू? सीए करणार का? करणार असेल तर कराचा इलेक्टिव्ह घेऊ नये. तो अभ्यास तिथे होणारच आहे. त्या जागी पायथन किंवा सांख्यिकी घ्यावी. सीएफए, म्हणजे गुंतवणूक-विश्लेषकांची तीन पातळ्यांची परीक्षा, करणाऱ्यांनी तसेच पोर्टफोलिओ सोडून द्यावा, तो तिन्ही पातळ्यांवर येतो. एकच गोष्ट दोनदा शिकण्यात फी आणि वर्ष दोन्ही जातात.

मांडवीकाठ

मी बँकेतून निवृत्त झालो. बराच काळ डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात कर्जविभागात काढला. रातांबा, बाळ, तुझ्या डेरिव्हेटिव्हजला माझा विरोध नाही. पण कर्ज-मूल्यमापन सोडू नकोस. ते का, हे सांगायला मला 2012 सालात जावे लागेल.

त्या आधीच्या वर्षांत खनिज वाहणाऱ्या ट्रकांची कर्जे आम्ही भराभर दिली. फाइल उघडली की सगळे सुरेख. ट्रकची महिन्याची कमाई, डिझेल, ड्रायव्हर वजा करून हप्त्याच्या दीडपट रक्कम उरायची. याला आम्ही डीएससीआर म्हणतो, दीड म्हणजे चांगलाच. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एका गिऱ्हाइकाचे पासबुक माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. दर महिन्याच्या 7 तारखेला हप्ता, एकही चुकलेला नाही, आणि ऑक्टोबरपासून पान कोरे. ट्रक अंगणात उभा, त्यावर पालापाचोळा. 90 दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, मग माणूस कितीही प्रामाणिक असो.

आमची चूक बेरजेत नव्हती. प्रत्येक फाइल वेगवेगळी तपासली, पण शंभर फाइलींचे पोट एकाच धंद्यावर चालते, हे कोणी एकत्र मांडलेच नाही. 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हा मात्र आम्ही शहाणे होतो.

आज तोच प्रश्न पर्यटनाचा आहे. हॉटेल, टॅक्सी, भाड्याच्या गाड्या, शॅक (किनाऱ्यावरची हंगामी खानावळ), सगळे एकाच हंगामावर. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राने उलाढालीच्या 20 टक्के खेळते भांडवल द्यायला कोणालाही जमते. पाऊस लागला की त्या शॅकवाल्याचे काय होते, हे विचारणारा अधिकारी हवा. गोव्यातल्या दोन नागरी सहकारी बँकांचे परवाने 2020 आणि 2021 मध्ये रद्द झाले. ठेवीदारांत निवृत्त मास्तर होते, तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, बायका होत्या. तोलून कर्ज देणे हा काही कमी हुशार मुलांचा विषय नव्हे, बाळ.

रातांबा

काका, शंभर फाइली एकत्र मांडण्याची गोष्ट मी वहीत लिहून घेतली. एकाच ठिकाणी सगळे पैसे नकोत, हे पोर्टफोलिओच्या तासाला सर शेअरांबद्दल सांगतात, ट्रकांबद्दल कोणी सांगितले नव्हते. पोर्टफोलिओ काढून कर्ज-मूल्यमापन घालते. डेरिव्हेटिव्हज मात्र राहणार. मॉडेलिंगही राहणार, कारण हंगाम गेला तर हप्ता कसा फिटेल, हे त्या शीटमध्येच दिसते.

कुळागर

डॉलरचे म्हणणे मला पटले. आमच्याकडे ते काम मुंबईच्या ऑफिसातून होते म्हणून माझ्या ध्यानात आले नव्हते. पण तू वित्तीय पत्रकांचे विश्लेषण अजूनही घेतलेले नाहीस, आणि आंतरराष्ट्रीय वित्ताचा अर्धा भाग डेरिव्हेटिव्हजमध्ये येऊन जातो. फॉर्म भरण्याआधी दोन्हींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाच. रविवारी घरी ये. कुठल्याही दोन औषध कंपन्यांचे वार्षिक अहवाल घेऊन ये, आणि रोकड प्रवाहाचे पान छापून आण, मोबाइलवर नको.