रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज, गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स खोला. खोलू का?

धायरीकर_78
नमस्कार मंडळी. 2015 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, हायड्रॉलिक (फ्लुइडच्या दाबावर चालणारा) क्लच, 90 हजारच्या वर रनिंग. काही दिवसांपासून रिव्हर्स टाकला की कर्रर्र करून दात घासल्याचा आवाज येतो. सकाळी धायरीतून निघताना काही नसतं, पण नवले पुलापाशी ट्रॅफिकमध्ये रांगत रांगत गेलो की पहिला गिअर पण अडायला लागतो, आणि मगरपट्ट्याला पोचेपर्यंत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना पण अधूनमधून खर्रकन होतं. क्लच दोनदा दाबला की गिअर जातो बऱ्यापैकी. गॅरेजवाल्याने गाडी चालवूनही बघितली नाही, नुसतं ऐकून म्हणाला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तीस हजार धरून चला. घरून आदेश आहे की विकून ऑटोमॅटिक घ्या. कुणाला अनुभव?

घाटातला_भाऊ
क्लच प्लेट संपली भावा. माझी पण अशीच गेलेली, कात्रज घाटात रेस वाढायची आणि गाडी जागची हलायची नाही. पूर्ण सेट टाक, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, विषय संपला.

ग्रीसचे_हात
भाऊ, तुझी गाडी क्लच घसरवत होती, यांचं बरोबर उलट चाललंय. यांचा क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाहीये. दोन्हीला एकच औषध कसं चालेल?

धायरीकर, पैसे द्यायच्या आधी एक करा. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून बघा. अलगद पडले तर गिअरच्या केबल, लिंकेज वगैरे बहुतेक ठीक. मग गाडी चालू करा, न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो त्यामुळे घाईत टाकला तर चांगल्या गाडीतही थोडं कर्र होतं, ते सोडून द्या, पण एवढं थांबूनही आवाज आला तर इंजिन अजून गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतंय, म्हणजे दोष क्लचकडे. सिंक्रो गेला की सहसा एखादाच गिअर बोंबलतो, तोही गाडी पळत असताना, आणि उभ्या गाडीत पहिला अडणं हे त्याचं लक्षण नव्हे.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय ना की दोनदा दाबला की जातो, खरी मेख तिथेच आहे. पहिल्या दाबात पुरेसं प्रेशर होत नाही, दुसऱ्यात होतं. एकतर लाइनमध्ये हवा शिरलीय नाहीतर मास्टर (पेडलपाशी प्रेशर तयार करणारा) किंवा स्लेव्ह (त्या प्रेशरने क्लच सोडवणारा) सिलेंडरचं सील गेलंय. पेडलच्या वर जिथे दांडा फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) शिरतो तिथे बोट फिरवा, खालचं कार्पेट उचलून बघा ओलं आहे का. बॉनेट उघडून ब्रेक फ्लुइडची पातळी पण बघा, बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकला डबा एकच असतो.

पेठेतला_शहाणा
एवढा व्याप कशाला, गिअर ऑइल जाड टाका, आवाज बंद. आमच्या जुन्या जीपला हेच करायचो.

ग्रीसचे_हात
जीपचं जीपपाशी राहू द्या शहाणेसाहेब. क्लच सुटत नसताना ऑइल जाड करून काय मिळणार, उलट सकाळी गार गाडीत दुसरा गिअर पडायला कुरकुर करेल. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच टाकायचा, 75डब्ल्यू-80 असेल तर तोच. आणि मॅन्युअल ऑइलचा दर्जा जीएल-4 म्हणत असेल तर दुकानदार जीएल-5 ‘त्याच्यापेक्षा भारी’ म्हणून गळ्यात मारेल, घेऊ नका. त्यातली गंधकवाली अॅडिटिव्ह पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

धायरीकर_78
काका, सांगितलं तसं केलं. इंजिन बंद असताना सगळे गिअर मस्त पडतात. चालू करून पाच मोजून रिव्हर्स टाकला तरी कर्रर्र. कार्पेट वरून कोरडं होतं पण खालचा फोम ओला निघाला, बोटाला तेलकट लागलं. फ्लुइड मिनच्या खाली. गॅरेजवाल्याने कार्पेट उचललंही नव्हतं.

ग्रीसचे_हात
मास्टर सिलेंडर गळतोय, ऐकून सांगतो. नाना पेठेत मिळेल, चेसिस नंबर घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगितलं तर दुसऱ्याच वर्षाचा हातात देतील. स्लेव्हचं रबर बूट वर करून ते पण ओलं नाही ना बघून घ्या. तुमच्या गाडीत स्लेव्ह बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत असेल तर मात्र तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, बाहेर बोल्टवर असेल तर नाही. नवीन बसवल्यावर एअर नीट काढून घ्या, झाकणावर डॉट 3 का 4 लिहिलंय तेच फ्लुइड, ताज्या सीलबंद बाटलीतलं. उघड्या बाटलीतलं हवेतलं पाणी ओढतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

तोपर्यंत लांब जाऊ नका. डबा ब्रेकशी सामाईक आहे, तिकडे खेळ नको.

घाटातला_भाऊ
मग दुसऱ्या गिअरचं काय? ते पण क्लचमुळेच?

ग्रीसचे_हात
बरंचसं. क्लच अर्धवट सुटला की सिंक्रोला इंजिनशी पण झुंजावं लागतं. काम झाल्यावरही फक्त दुसऱ्यालाच खरखर राहिली तर डबल क्लच मारून बघा, म्हणजे तिसऱ्यातून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, परत क्लच आणि दुसरा. तसा गुपचूप गेला तर तिथली रिंग झिजलीय. तेव्हा गिअरबॉक्स खोलण्याचं बोलू, आणि उतरवलाच तर प्लेट आणि बेअरिंग त्याच मजुरीत उरकून घ्या.

धायरीकर_78
शनिवारी काम करून घेतो. मास्टर सिलेंडर कंपनीचा घेऊ का लोकल चालेल?

ग्रीसचे_हात
कंपनीचाच. आणि जुना परत मागून घ्या, नाहीतर तोच पुसून लावतात काही ठिकाणी.