स्पिरुलिनाचा निळा रंग उतरतोय: नायट्रेट, लोह की ऊन?

घणसोली_गच्ची
गच्चीवर स्पिरुलिनाची (खाण्याचं निळं-हिरवं शेवाळ) ५०० लिटरची टाकी, वर शेडनेट. सुरुवात झारूक माध्यमावर (स्पिरुलिना वाढवायचं ठरलेलं खताचं पाणी), म्हणजे लिटरला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट. काढणीनंतर गाळलेलं पाणी परत टाकीत, वरून फक्त सोडा. एकूण २.४ किलो सुका माल निघाला. पीएच १०.१. आता रंग पिवळट, फायकोसायनिनचा (स्पिरुलिनातलं निळं रंगद्रव्य) अर्कही फिका. नायट्रोजन तोडला की रंगद्रव्य वाढतं असं वाचायला मिळतं, मग इथे उलटं का?

रबाळे_लॅब
ते हिमॅटोकॉकस आणि ड्युनालिएला या दुसऱ्या शेवाळांबद्दल खरं आहे. त्यांच्या लाल-नारिंगी रंगद्रव्यांच्या, म्हणजे ॲस्टाझँथिन, बीटा-कॅरोटीनच्या रेणूत नायट्रोजन नसतोच, त्यामुळे उपासमार आणि कडक ऊन मिळालं की ती साठतात. फायकोसायनिन मात्र प्रथिन. नायट्रोजन संपला की स्पिरुलिना आधी तेच मोडून वापरते. पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं मागे उरतात, म्हणून पिवळट.

तुमचाच हिशोब बघा. १२५० ग्रॅम सोडियम नायट्रेटमध्ये नायट्रोजन साधारण २०६ ग्रॅम. सुक्या मालात तो अंदाजे १० टक्के, म्हणजे २.४ किलोत २४० ग्रॅम. टाकीतला नायट्रोजन संपलाय! यापुढे दर किलो सुक्या मालामागे ६०० ग्रॅम सोडियम नायट्रेट किंवा ७२० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट परत घाला. फॉस्फेट आणि मॅग्नेशियमही मालाबरोबर जातं, ते विसरू नका.

घणसोली_गच्ची
१९:१९:१९ हे विद्राव्य खत हाताशी आहे. चालेल का?

रबाळे_लॅब
नको. त्यात युरिया आणि अमोनियमही असतं. पीएच ९.३ च्या वर निम्म्याहून जास्त अमोनियम मुक्त अमोनिया होतो, आणि १०.१ ला तर बहुतेक सगळाच. त्याने कल्चर, म्हणजे टाकीतलं शेवाळ, एका रात्रीत मरू शकतं.

कोलशेत_शेवाळ
पूर्ण डोस टाकण्याआधी खात्री करून घ्या ताई. टाकीतलं पाणी तीन बरण्यांत एकेक लिटर घ्या. एक तशीच, दुसरीत १ ग्रॅम नायट्रेट, तिसरीत १० मिलिग्रॅम १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह. तिन्ही एकाच सावलीत, दिवसातून चार-पाच वेळा ढवळून, दोन-तीन दिवस. दुसरी हिरवी झाली तर नायट्रोजनच. तिसरी सुधारली तर लोह: या पीएचला साधं फेरस सल्फेट तळाशी बसतं, म्हणून लोह विरघळलेलं धरून ठेवणारं ईडीटीए (चिलेट) लागतंच. पहिलीसकट तिन्ही सावलीत सारख्याच सावरल्या, तर ऊन जास्त होतंय.

अर्क फिका येण्यात वाळवणीचाही हात असतो. पातळ थर पसरा, तापमान ४५ अंशांच्या आत ठेवा. अर्कातलं फायकोसायनिन मोजताना ६१५ आणि ६५२ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण घ्या: (६१५चं − ०.४७४ × ६५२चं) ÷ ५.३४ = मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. अर्क गढूळ असेल तर आधी सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर आकडा खोटा चढतो.