मदत हवी आहे: घरच्या मेणबत्त्या ओतायला कोणती भांडी सुरक्षित?

नमस्कार,

मी घरी मेणबत्त्या करते. आतापर्यंत साच्यातल्या, ताटलीत उभ्या करून लावायच्या करायचे. आता थेट भांड्यातच मेण ओतून करायच्या आहेत. घरात भांडी भरपूर पडून आहेत: काचेचे पातळ ग्लास, कान तुटलेले चिनी मातीचे मग, झाकणाच्या पत्र्याच्या डब्या, जाड बुडाच्या बरण्या, मातीची छोटी बोळकी, एक लाकडी वाटी आणि उंच दांड्याचा काचेचा पेला. दिसायला सगळीच छान आहेत, पण मला काळजी आगीची आहे.

यातल्या बऱ्याच मेणबत्त्या मी इतरांना देणार आहे. माझ्यासमोर काही बिघडलं तर मी लगेच विझवेन. दुसऱ्याच्या घरी कोणी ती पडद्याशेजारी किंवा पुस्तकांच्या कपाटावर लावली आणि भांडं तडकलं, तर वितळलेलं मेण पेटत्या वातीसकट बाहेर येणार, आणि तिथे मी नसणार. म्हणून अंदाजाने काहीही करायचं नाही असं ठरवलंय.

सगळ्यात मोठा गोंधळ काचेचा आहे. हे ग्लास उकळतं पाणी आरामात सोसतात. मेण तर ५०-६० अंशांनाच वितळतं. मग मेणबत्तीचे ग्लास तडकतात कसे? शिवाय माती, लाकूड आणि पत्रा यांचं काय? आणि मेण ओतण्याआधी भांडं घरच्या घरी तपासता येतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

मेण ५०-६० अंशांचं असतं, ज्योत नसते. ज्योतीचा सर्वांत तापलेला भाग हजार अंशांच्या पुढे जातो. वात मधोमध आणि ताठ आहे तोवर काचेला त्याची झळ फारशी लागत नाही. वात कलली की आच काचेच्या एकाच जागी लागते. उकळतं पाणी ग्लासाला आतून सगळीकडे सारखं तापवतं, ज्योत मात्र रुपयाएवढा भाग तापवते. तेवढीच काच पसरू पाहते, शेजारची गार काच तिला पसरू देत नाही आणि त्या ओढाताणीत तडा जातो. काच दाब चांगला सोसते, ताण नाही. आधीच कुठे ओरखडा किंवा टवका असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. त्यामुळे काठाला टवका उडालेला ग्लास सरळ बाजूला काढा.

जाड बुडाची बरणी मजबूत वाटते खरी, पण बूड जाड आणि भिंत पातळ असेल तर दोन्ही सारख्या वेगाने तापत नाहीत, आणि हा फरकच घातक. सगळीकडे सारख्या जाडीची काच बरी. बोरोसिलिकेट काच (प्रयोगशाळेतल्या भांड्यांची असते ती) तापल्यावर नेहमीच्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच पसरते, म्हणून ती जास्त सोसते. मेणबत्तीच्या काचेच्या भांड्यांसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ २१७९ असं स्वतंत्र मानक आहे. इतरांना द्यायच्या असतील तर मेणबत्तीसाठी म्हणून विकली जाणारी भांडी घ्या आणि विकणाऱ्याला या मानकाबद्दल विचारा. घरचे पातळ ग्लास मी तरी देणार नाही.

आणि खरा धोका शेवटी असतो. वर भरपूर मेण असतं तेव्हा ते उष्णता शोषून घेतं. तळाशी थर पातळ झाला की सगळी आच बुडावर. म्हणून साधारण १२ मिलिमीटर मेण उरलं की मेणबत्ती वापरणं थांबवायचं. वातीच्या बुडाशी पत्र्याची चकती असते ना, ती ६ मिलिमीटर उंच नळी असलेली घ्या. मेण नळीच्या खाली गेलं की वातीला ते मिळत नाही आणि ज्योत आपोआप विझते. घेणाऱ्याने लक्ष दिलं नाही तरी ही चकती आपलं काम करते, म्हणून तुमच्यासाठी ती फार महत्त्वाची.

प्रतिसाद

काचेबद्दल वर छान लिहिलंय. बाकीच्यांबद्दल:

लाकडी वाटी नको. आतून कितीही लेप दिला तरी लाकूड ते लाकूडच, ते पेटतं. करवंटीचंही तेच. न भाजलेली किंवा चकाकी नसलेली माती मेण शोषते, आणि मग भांड्याची भिंतच वातीसारखी पेटू शकते. आतून पूर्ण चकाकी दिलेलं बोळकं असेल तरच विचार करा. चिनी मातीचा मग चांगला, पण कान तुटला त्या जागेपासून आत केसासारखी रेघ गेली आहे का, हे उजेडाकडे धरून बघा.

पत्रा फुटत नाही हा मोठा फायदा. पण तो बुडाला चांगलाच तापतो, त्यामुळे खाली फरशीचा तुकडा किंवा तसंच काही हवंच. बिनजोडाची डबी घ्या, सांध्यातून पातळ मेण झिरपतं.

दांड्याचा पेला सोडून द्या. एक तर सहज कलंडतो, दुसरं म्हणजे खाली निमुळता होत जातो. वर ज्योत काचेपासून लांब असते, मेण उतरत जातं तशी भिंत जवळ येते. तोंड आवळलेल्या बरणीत उष्णता कोंडते आणि काजळी धरते.

तपासणी अशी: भांडं पाण्याने भरून कोरड्या कागदावर एक दिवस ठेवा. कागद ओला झाला तर ते बाद. मग एक मेणबत्ती करून ती शेवटपर्यंत जाळून बघा. दर वेळी चारेक तास जाळायची, पूर्ण गार होऊ द्यायची, वात ६ मिलिमीटरवर कापायची, पुन्हा लावायची. वरचं थोडंसं जाळून ठीक आहे म्हणणं पुरेसं नाही. भांड्याला बाहेरून हात लावणं नको वाटलं तर वात जाड आहे, बारीक घ्या. वात, मेण किंवा सुगंधी तेल यांतलं काहीही बदललं तर ही चाचणी परत करायची. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लाकडी वाटी, पेला आणि पातळ ग्लास बाद. मग आणि बिनजोडाच्या डब्या आधी जाळून बघते. दोन शंका राहिल्या: डबी आतून रंगवली तर? आणि वर सुकी फुलं घातली तर?

प्रतिसाद

आतून रंग नको, तो तापतो, पोपडे सुटतात आणि मेणात पडून पेटू शकतात. बाहेरूनही रंग द्यायचा तर जाळून पाहिल्याशिवाय नको. सुकी फुलं तर अजिबात नको. वितळलेल्या मेणात पाकळी तरंगत ज्योतीपाशी गेली की तिचीच दुसरी वात होते, आणि एका ज्योतीसाठी निवडलेल्या भांड्यात दोन-तीन ज्योती जळू लागतात.

आणखी एक, मेणबत्तीसोबत चिठ्ठी देणार असाल तर हे नक्की लिहा: मेण पेटलं तर पाणी ओतू नका. पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं. धातूचं घट्ट झाकण ठेवायचं आणि गार होईपर्यंत उघडायचं नाही. तुमच्या डब्यांना झाकणं आहेतच, ती सोबत द्या.