हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू असताना डोळ्यांची कोणती तपासणी करावी?

वाटसरू:
संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन रोज ४०० मिग्रॅ, ४ वर्षं झाली. वजन ६२ किलो. नजर ६/६, त्रास काही नाही. नुसता नंबर तपासून भागतं का?

पापणी:
नाही भागत. या औषधानं डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) मध्यबिंदू शेवटी जातो, आधी त्याच्या भोवतालचं कडं झिजतं. त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ खडाखड वाचता येते, पण वाचताना शेजारची एकदोन अक्षरं गायब असतात. ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि फील्ड (नजरेच्या टप्प्यात कुठे कमी दिसतं याची तपासणी), दोन्ही करा. फील्ड बहुधा १०-२ चं, म्हणजे मध्याजवळच्या १० अंशांचं करतात. आशियाई लोकांत झीज बरेचदा मध्यापासून लांब सुरू होते, म्हणून जास्त रुंद भाग तपासणारं २४-२ किंवा ३०-२ सुद्धा मागून घ्या.

एरवी पहिली तपासणी वर्षाच्या आत आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. इथे मात्र थांबू नका, कारण डोसच जास्त आहे. मर्यादा किलोमागे ५ मिग्रॅ, म्हणजे ६२ किलोला ३१०. एक दिवस ४००, एक दिवस २०० घेतलं की सरासरी ३०० पडते. पण हे संधिवाताच्या डॉक्टरांना विचारूनच. परस्पर गोळी सोडली तर सांधे पुन्हा उसळतात.

निरंजन_दिवा:
क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहिलंय का? किडनी मंद असेल तर औषध शरीरात साठतं, मग वजनाचा हिशेब बरोबर असूनही डोस जास्तच ठरतो. सोबत टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगाचं औषध) असेल तरी धोका वाढतो. झीज भरून येत नाही, गोळी थांबवल्यावरही काही काळ पुढे सरकू शकते.

वाटसरू:
प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅही रोज आहे.

पापणी:
ते स्टेरॉइड आहे, मग डोळ्यातला दाबही मोजून घ्या, तो वाढला तरी सहसा दुखत नाही. स्टेरॉइडचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, मधोमध धरतो. उन्हात बाहुली बारीक झाली की नेमका आड येतो, म्हणून सावलीत बरं दिसतं आणि उन्हात धूसर. आणि डोळा लाल झाला म्हणून घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका, थेंबांनी दाब आणखी सहज चढतो.

निरंजन_दिवा:
जरा विषयांतर. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन कधीही घेतलेली असेल, तर सर्जनला आधी सांगा. आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) ढिली पडून ऑपरेशनच्या वेळी फडफडते. चार दिवस आधी गोळी बंद करून हे टळेल असं नाही, पण माहीत असलं की सर्जन ती धरून ठेवायला हुक किंवा रिंग तयार ठेवतात.